शहर बांधायला अनुदान मिळते, चालवायला कोण देणार?

चाकण, मोशी, आळंदी रस्ता या पट्ट्यात घर घेताना कुटुंबात चर्चा होते ती तीन आकड्यांची: फ्लॅटची किंमत, बँकेचा हप्ता आणि सोसायटीचा मेंटेनन्स. नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला द्यायचा पैसा त्यात सहसा कोणी धरत नाही. बिल वर्षातून एकदा येते, हप्त्यापुढे किरकोळ दिसते आणि विषय तिथेच संपतो. पण घर वीस-तीस वर्षांसाठी घेतलेले असते. तेवढ्या काळात पाणी, कचरा, सांडपाणी आणि दिवाबत्तीचा खर्च कोणालाच चुकत नाही. घरपट्टी-पाणीपट्टीतून तो गेला नाही, तर टँकर, बोअरवेल आणि सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाच्या बिलातून जातो. आणि तिथे तो बहुतेक वेळा जास्तच पडतो.

म्हणून ‘घरपट्टी कुठे कमी?’ एवढे विचारून भागत नाही. ज्या गावात आपण राहणार आहोत, त्या गावाकडे पुढची दहा वर्षे आपल्या सेवा चालवण्यापुरता पैसा असेल का, हे विचारायला हवे. त्याचे उत्तर शोधायला सनदी लेखापाल असण्याची गरज नाही. कराची पावती, अंदाजपत्रकाचे पुस्तक आणि दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज एवढी सामग्री पुरते.

आधी हद्द बघा

जाहिरातीत आणि टपालाच्या पत्त्यात सगळेच ‘चाकण’ असते. प्रत्यक्षात नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, कडाचीवाडी ही चाकणला खेटून असलेली गावे स्वतंत्र ग्रामपंचायतींची आहेत. चाकणची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली ती २०१५ मध्ये. दक्षिणेला मोशी, चिखली, चऱ्होली ही गावे १९९७ मध्येच पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. त्यामुळे पुणे-नाशिक रस्त्याने काही किलोमीटर जाईपर्यंत तुम्ही महापालिका, ग्रामपंचायत आणि नगरपरिषद अशा तीन वेगळ्या कारभारांतून जाता, आणि तिन्हीकडे कर, पाणी, तक्रार यांचे नियम वेगळे असतात.

ग्रामपंचायतीत घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. नगरपरिषदेत ती करयोग्य मूल्यावर, म्हणजे घर भाड्याने दिले तर किती भाडे येईल त्या अंदाजावर बसते. ग्रामपंचायत हद्दीत बांधकामाची परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) देते आणि परवानगीचे मोठे शुल्कही तिच्याकडेच जाते. मात्र त्या इमारतीत राहायला आलेल्या दोनशे कुटुंबांचा कचरा उचलायचा असतो ग्रामपंचायतीला. नगरपरिषद हद्दीत निदान परवानगीचा पैसा आणि सेवेची जबाबदारी एकाच कार्यालयात असते. घर बघताना बिल्डरकडे इमारतीचा कर आकारणीचा उतारा मागा. ग्रामपंचायतीत तो नमुना ८ चा असतो. उताऱ्यावरचे नाव हीच तुमची खरी हद्द.

रस्त्यांचेही तसेच आहे. पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग आहेत. तळेगाव चौकात तासभर अडकलेला माणूस नगरपरिषदेवर चिडतो, पण त्या रस्त्यावर खर्च करणे नगरपरिषदेच्या हातात नाही. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, ती ७,८२७ कोटी रुपयांची. एवढा आकडा कोणत्याही नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेरचा आहे. आपला राग योग्य दारात न्यायचा तर कोणता खर्च कोणाचा, हे आधी माहीत हवे.

कारखाने एकीकडे, राहणारे दुसरीकडे

या पट्ट्याचा सगळ्यात मोठा पेच इथे आहे आणि त्यावर फार कमी बोलले जाते.

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, तेव्हा कारखाने तिच्या हद्दीत होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होती, टेल्को होती, बजाज होती. कारखान्यांच्या कच्च्या मालावर जकात लागे आणि ती थेट शहराच्या तिजोरीत जाई. १९८२ मध्ये महापालिका झाली, तेव्हा तिच्यामागे हा भक्कम पैसा होता. रुंद रस्ते, मोठी जलशुद्धीकरण केंद्रे, उद्याने हे सगळे मुख्यतः जकातीच्या जोरावर उभे राहिले. एप्रिल २०१३ मध्ये जकात गेली, स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हा राज्य सरकारने कायदा करून महापालिकांना भरपाई ठरवून दिली: २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरायचे आणि दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के वाढवायचे. आठ टक्क्यांनी रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते. पिंपरी-चिंचवडचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प केंद्राच्या योजनांसह ९,६७५ कोटी रुपयांचा होता, त्याची मुळे त्या जुन्या जकातीत आहेत.

चाकणच्या वाट्याला यातले काही आले नाही. राज्यातल्या नगरपरिषदांची जकात १९९९ मध्येच बंद झाली होती, आणि चाकण नगरपरिषद जन्मलीच सोळा वर्षांनी. बजाज महाळुंग्यात, महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज निघोजे-कुरुळी-महाळुंगे परिसरात. हे कारखाने नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर असल्याने त्यांचा मालमत्ता कर नगरपरिषदेला मिळत नाही. पण त्या कारखान्यांतले कामगार, त्यांचे ठेकेदार, माल आणणारे ट्रकचालक बाजाराला, दवाखान्याला, शाळेला आणि भाड्याच्या खोलीसाठी चाकणमध्येच येतात. २०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या ४१ हजार होती. नंतर उभ्या राहिलेल्या इमारती डोळ्यांना दिसतात, तरी लोकसंख्येवर वाटले जाणारे अनुदान अजून त्याच जुन्या मोजणीवर येते. जनगणना लांबली याचा फटका राज्यातल्या अशा प्रत्येक वाढत्या गावाला दरवर्षी बसतो आहे.

म्हणून चाकणमध्ये राहायला येणाऱ्याने ‘शेजारी एवढ्या कंपन्या, म्हणजे गाव श्रीमंत’ असे समजू नये. कंपन्या शेजारी असल्या तरी त्यांचा कर शेजारच्याच गावांचा आहे.

पावतीवरचा पैसा कुठे जातो

मालमत्ता कराची पावती एकदा नीट वाचा. सगळी रक्कम नगरपरिषदेची नसते. एकत्रित मालमत्ता कर, अग्निशमन, दिवाबत्ती, विशेष स्वच्छता अशा ओळी नगरपरिषदेच्या. शिक्षण कर आणि दुकाने-व्यवसायांच्या जागांवरचा रोजगार हमी कर राज्य सरकारचे. नगरपरिषद ते फक्त गोळा करून पुढे पाठवते. वृक्ष कर झाडांसाठी. त्यामुळे ‘पाच हजार भरले, समोरचा दिवा का बंद?’ असे विचारताना पाचातले शहराकडे किती राहिले, तेही बघावे.

आकारणी कशी होते ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या पावतीवरचे दर घालून हाच हिशेब करा. घराचे महिन्याचे भाडेमूल्य २,००० रुपये धरले, तर वर्षाचे २४,०००. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. राहिले २१,६००, हे करयोग्य मूल्य. सगळे कर मिळून दर २४ टक्के असेल तर बिल ५,१८४ रुपये. नगरपरिषदेत ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. आधी यादी प्रसिद्ध होते, हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असते. हरकत लेखी द्या, पोच घ्या. चटईक्षेत्र चुकलेले, भाडेकरू नसताना भाडेकरू दाखवलेला, पार्किंगला घराचा दर लावलेला, अशा चुका इथेच दुरुस्त होतात. मुदत गेली की पुढची चार वर्षे चुकीचे बिल भरत बसावे लागते.

बिल भरायला उशीर करू नका. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ५,१८४ रुपये वर्षभर थकवले तर वर १,२४४ रुपये. बँकेचे वैयक्तिक कर्जही सहसा याहून स्वस्त असते. महापालिकेच्या हद्दीत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत भरणाऱ्यांना आणि महिलेच्या नावावरच्या घराला सामान्य करात सवलत मिळते. दरवर्षी अटी बदलतात, म्हणून एप्रिलमध्येच चौकशी करा. जुना फ्लॅट घेत असाल तर कराची थकबाकी नसल्याचा दाखला विक्रेत्याकडून खरेदीखताआधीच मागा. हा बोजा मालमत्तेवर असतो. मालक बदलला तरी तो सुटत नाही. खरेदीखत नोंदले की नगरपरिषदेच्या दप्तरात नाव लावून घेणे हे वेगळे काम आहे. ते आपोआप झाले असेल असे समजू नका.

स्वस्त पाणीपट्टीची खरी किंमत

आता ज्यासाठी हा लेख लिहिला, तो भाग.

लहान शहरातली बहुतेक मोठी कामे केंद्र आणि राज्याच्या अनुदानातून होतात. अमृत, नगरोत्थान, स्वच्छ भारत या योजनांत शहराला स्वतःचा थोडाच हिस्सा घालावा लागतो. तो शहराच्या वर्गाप्रमाणे कमी-जास्त असतो. त्यामुळे जलशुद्धीकरण केंद्राचे भूमिपूजन झाले की सगळ्यांना वाटते, पाण्याचा प्रश्न सुटला. पण पंपांचे वीजबिल, तुरटी-क्लोरीन, चालक, फुटलेल्या वाहिन्या, दहा वर्षांनी बदलायचे पंप यांसाठी अनुदान नसते. तो खर्च केंद्र सुरू झाल्या दिवसापासून शहराच्या स्वतःच्या उत्पन्नावर पडतो, आणि दरवर्षी वाढतो.

पाच माणसांचे घर घ्या. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे मानक. दिवसाला ६७५ लिटर, महिन्याला सुमारे २० हजार लिटर. समजा हजार लिटर पाणी शुद्ध करून घरापर्यंत आणायला शहराला १५ रुपये लागतात. म्हणजे एका घराचा वर्षाचा खर्च सुमारे ३,६५०. पाणीपट्टी मात्र वर्षाला सरसकट १,८०० आहे असे धरू. प्रत्येक नळामागे १,८५० रुपयांची तूट. बारा हजार नळजोड असतील तर वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास. ही तूट भरायची कुठून? घरपट्टीतून. मग दिव्यांचे, गटारांचे पैसे कमी पडतात. तेही उरले नाहीत तर वीजबिल थकते, पंप कमी तास चालतात, पाणी दिवसाआड येते.

पाणी कमी आले की काय होते ते या पट्ट्यातल्या कोणत्याही सोसायटीच्या सचिवाला विचारा. दहा हजार लिटरचा टँकर हजार रुपयांना पडतो असे धरले तर हजार लिटरला शंभर रुपये. शहराच्या खर्चाच्या साडेसहापट. घराची एक-तृतीयांश गरज टँकरने भागवायची झाली, तर महिन्याला ६,७५० लिटर, ६७५ रुपये, वर्षाला ८,१००. पाणीपट्टी १,८५० रुपयांनी वाढू दिली नाही म्हणून घराने ८,१०० रुपये टँकरला दिले.

हाच हिशेब दहा वर्षांवर न्या. घरपट्टी ५,१८४, पाणीपट्टी १,८०० आणि कचऱ्याचे महिना ६० रुपयांप्रमाणे ७२०, मिळून वर्षाला ७,७०४. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत साधारण १ लाख १२ हजार रुपये. त्याच वाढीने एकट्या टँकरचे १ लाख १७ हजार. म्हणजे नगरपरिषदेला देणे असलेल्या सगळ्या रकमेपेक्षा एक-तृतीयांश पाण्याचा टँकरच महाग. मोठ्या शहराचे नावही इथे कामाला येत नाही. पिंपरी-चिंचवडसारख्या धनवान महापालिकेतही नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड आहे, आणि तिच्या उपनगरांतल्या मोठ्या सोसायट्यांच्या मेंटेनन्समध्ये टँकर ही कायमची ओळ झाली आहे.

कचऱ्याचे महिना ६० रुपये हा दर महापालिकेने घरांसाठी लावला तेव्हा मोठा विरोध झाला. तो विरोध मला समजतो. घरपट्टीत स्वच्छतेचे पैसे घेता, मग वेगळे कशाला, असा तो प्रश्न होता, आणि महापालिकेने त्याचा हिशेब लोकांपुढे नीट मांडायला हवा होता. पट्टी वाढवायची तर आधी खर्च दाखवा, ही अट नागरिकांनी घातलीच पाहिजे. पण खर्च दाखवल्यावरही ‘वाढ नकोच’ म्हणणे आपल्याच अंगाशी येते.

रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना तो आपल्या आवारात जिरवावा लागतो. बांधकाम परवानगीच्या अटीत सांडपाणी प्रकल्प असेल तर तोही सोसायटीनेच चालवायचा. बिल्डर प्रकल्प उभारून देतो. वीज, चालक आणि दुरुस्ती तुमच्या मेंटेनन्समध्ये. फ्लॅट बघताना क्लब हाऊस नंतर बघा, आधी सांडपाणी प्रकल्प चालू आहे का आणि त्याचे महिन्याचे बिल किती, ते विचारा.

अंदाजपत्रकाचे पुस्तक कसे चाळावे

नगरपरिषदेचे अंदाजपत्रक मुख्याधिकारी आणि लेखापाल हिवाळ्यात तयार करतात. ते स्थायी समितीतून सर्वसाधारण सभेपुढे जाते आणि साधारण फेब्रुवारीत मंजूर होते. पुस्तकात प्रत्येक ओळीपुढे तीन-चार रकाने असतात: मागील वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मंजूर अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. बातमी होते ती शेवटच्या रकान्याची. तुम्ही पहिल्या रकान्यावर बोट ठेवा.

समजा घरपट्टीची प्रत्यक्ष जमा ६ कोटी आणि पुढच्या वर्षाचा अंदाज १० कोटी. वसुली एका वर्षात ४ कोटींनी कशी वाढणार? नवी आकारणी होणार आहे का, थकबाकीदारांवर जप्तीची तयारी आहे का, याचे उत्तर नसेल तर तो आकडा फुगवलेला आहे. फुगवलेल्या जमेवर खर्चाच्या घोषणा बसवल्या जातात. वर्षअखेर जमा येत नाही. मग आधी कापले जातात ते देखभालीचे पैसे, कारण पगार आणि ठेकेदाराची देणी टाळता येत नाहीत.

दुसरी ओळ बघा ती ‘आरंभीची शिल्लक’. अनेक लहान शहरांत ही रक्कम घसघशीत असते आणि ‘शिलकी अंदाजपत्रक’ म्हणून मथळा होतो. पण त्यातला बराच पैसा योजनांचा, ठरावीक कामासाठी आलेला आणि खर्च न झालेला असतो. त्यातून दिव्याचे बिल भरता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या निधीतही ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती. मोकळी फक्त ४० टक्के. शिल्लकीतला बांधील पैसा किती आणि मोकळा किती, हा एक प्रश्न सभेत विचारला तरी सगळे चित्र बदलते.

तिसरी गोष्ट, उत्पन्नातले एकदाच येणारे पैसे. विकास शुल्क, परवानगीचे अधिमूल्य आणि खरेदीखतांवरच्या मुद्रांक शुल्कातला १ टक्का अधिभार. बांधकामे जोरात असली की या ओळी फुगतात आणि शहर श्रीमंत वाटते. इमारत एकदा परवानगीचे पैसे देते, पाणी मात्र रोज मागते. हा पैसा रोजच्या खर्चाला वापरणारे शहर बांधकामाची लाट ओसरली की अडकते. मला विचाराल तर हा पैसा टाक्या, वाहिन्या, कचरा प्रकल्पासाठी जागा यांवरच घालावा आणि त्यातला काही भाग घसारा निधी म्हणून वेगळ्या खात्यात ठेवावा.

खर्चाच्या बाजूला महिला व बालकल्याण, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटक यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के राखीव असतात. ते कागदावर दिसतात. प्रत्यक्ष खर्च किती, ते मागच्या वर्षाच्या रकान्यात शोधा.

दिसत असूनही न धरलेले खर्च

दहा वर्षांचे नियोजन म्हणजे भविष्यवाणी नाही. काही खर्च कधी येणार ते आजच ठाऊक असते. पालिकांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर पुन्हा होत नाही. हा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. चाकण नगरपरिषद झाल्यावर २०१६ मध्ये घेतलेली घंटागाडी २०३१ मध्ये भंगारात जाणार, मग ती चालू स्थितीत असो वा नसो. अग्निशमन बंबालाही तोच नियम. आजपासून दरवर्षी थोडे बाजूला ठेवले नाही, तर त्या वर्षी एकदम सगळ्या गाड्यांची रक्कम उभी करावी लागेल.

वेतनाचेही तसेच. सातवा वेतन आयोग केंद्रात २०१६ पासून धरला गेला, पालिका कर्मचाऱ्यांच्या हातात वाढीव पगार पडला २०१९ मध्ये, आणि मधल्या काळाचा फरक पुढे हप्त्यांनी द्यावा लागला. आठवा आयोग केंद्राने २०२५ मध्ये नेमला आहे. राज्याने तो स्वीकारला की फरकाची रक्कम पुन्हा दारात उभी राहील. नगरपरिषदेच्या कायम कर्मचाऱ्यांच्या पगाराला राज्याच्या सहायक अनुदानाचा आधार असतो. सफाई आणि पाणीपुरवठ्यातल्या ठेकेदारी कामगारांना तोही नसतो. किमान वेतनाचे दर वाढले की ठेक्याची रक्कम वाढते, आणि ती वाढलीच पाहिजे. पहाटे गटारात उतरणाऱ्या माणसाच्या मजुरीत बचत शोधणारे अंदाजपत्रक मला मान्य नाही.

कर्ज काढायचे असेल तर परतफेडीची ओळ दहा वर्षे दिसली पाहिजे. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये २०० कोटींचे रोखे ८.१५ टक्के व्याजाने आणि २०२५ मध्ये आणखी २०० कोटींचे हरित रोखे ७.८५ टक्क्यांनी काढले. दोन्हींचे व्याज मिळून वर्षाला ३२ कोटी. नऊ हजार कोटींच्या शहराला हे पेलते. त्यासाठी पतमानांकन आणि वेळेवर लेखापरीक्षण झालेले ताळेबंद लागतात. लहान शहराने निदान दुसरी गोष्ट आजपासून लावून घ्यावी, कारण वित्त आयोगाचा निधीही लेखापरीक्षित हिशेबांवर अवलंबून असतो.

महापालिका झाली तर बिल किती वाढेल?

तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये चाकणला पाहणीसाठी आले असताना चाकण परिसरासाठी वेगळी महापालिका करावी लागेल असे सांगितले. तेव्हापासून हा विषय चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत आहे. महापालिकेसाठी किमान ३ लाख लोकसंख्या लागते, म्हणजे एकटे चाकण पुरणार नाही. आजूबाजूची गावे आणि त्यांच्याबरोबर कारखानेही हद्दीत घ्यावे लागतील. कारखान्यांचा कर आणि कामगारांच्या वस्त्या पहिल्यांदाच एका तिजोरीत येतील, हा त्याचा मोठा लाभ. म्हणूनच ज्या ग्रामपंचायतींकडे आज कंपन्यांचा कर येतो त्यांचा याला विरोध असणे स्वाभाविक आहे.

घरमालकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महापालिकेत आलेल्या गावांत पहिल्या वर्षी जुन्याच दराने घरपट्टी लागते; मग ती टप्प्याटप्प्याने वाढत साधारण पाच वर्षांत पूर्ण दरावर जाते. सेवा मात्र त्याच वेगाने येतील याची हमी नसते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये आलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी जास्त कर आणि अपुऱ्या सुविधांची तक्रार इतकी लावून धरली, की राज्य सरकारने २०२४ मध्ये त्यांना बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद दिली. दुसरी गोष्ट जीएसटी भरपाईची. जिथे एलबीटीच नव्हता त्या नव्या महापालिकेला ती आपोआप मिळत नाही. इचलकरंजी २०२२ मध्ये आणि जालना २०२३ मध्ये महापालिका झाल्या. भरपाईसाठी दोघींना वाट पाहावी लागली आणि २०२५ मध्ये मंत्रिमंडळाला वेगळा निर्णय घेऊन पाच वर्षांचे अनुदान द्यावे लागले. चाकणच्या अधिसूचनेआधी हा पैसा लेखी ठरवून घेणे हे इथल्या लोकप्रतिनिधींचे पहिले काम आहे. घर घेणाऱ्याने तोवर घरपट्टी पाच-सहा वर्षांत दुप्पट होईल असे धरून आपला हिशेब मांडावा.

विचारायला किती खर्च येतो

अंदाजपत्रक ही माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची माहिती आहे. संकेतस्थळावर नसेल तर कार्यालयात जाऊन मागा. तरीही नाही मिळाले तर १० रुपयांचा अर्ज आणि पानाला २ रुपये. अर्जात लांबलचक तक्रार लिहू नका. गेल्या तीन वर्षांची घरपट्टी व पाणीपट्टीची मागणी आणि प्रत्यक्ष वसुली. पाणीपुरवठ्याचा एकूण वार्षिक खर्च, वीजबिलासह. आरंभीच्या शिल्लकीतील बांधील व मोकळी रक्कम. सर्व वाहनांची नोंदणीची वर्षे. शेवटचे लेखापरीक्षण कोणत्या वर्षाचे. या पाच ओळी पुरेत. उत्तर आले की सोसायटीच्या सभेत फळ्यावर लिहा.

दाखला, नळजोड, कर आकारणीचा उतारा, नावात बदल या सेवांना लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे ठरलेली मुदत आहे. अर्ज ‘आपले सरकार’वर किंवा कार्यालयात करा, पोच क्रमांक जपून ठेवा. मुदत टळली तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मधल्या माणसाला पैसे देऊन काम करून घेतले तर त्या सेवेची खरी मागणी दप्तरात दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या खिडकीवर माणूस वाढत नाही.

काही वर्षे प्रशासकांच्या हाती असलेला कारभार आता पुन्हा निवडून आलेल्या सभागृहांकडे आला आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक होते. तिथली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली, नगरपरिषदांची त्याआधी डिसेंबरमध्ये. पुणे महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना घेते. पिंपरी-चिंचवडनेही २०२५-२६ साठी मागवल्या होत्या. नगरपरिषदेत तशी पद्धत नसेल तर नगराध्यक्ष आणि आपल्या प्रभागाचे नगरसेवक यांना लेखी पत्र द्या, आणि त्यात नव्या कामाची मागणी करताना ते काम दहा वर्षे चालवायचा खर्च कुठून येणार, हेही विचारा. हे पत्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, अंदाज तयार होत असताना पोहोचले पाहिजे. फेब्रुवारीत सभा झाली की पुस्तक छापून झालेले असते आणि पुढची संधी वर्षाने येते.